बारा गुंड आणि एक कातळ

शनिवारची रात्र, कोथरूडचा थर्ड फ्लोअर, मागवलेले दोन पिझ्झा आणि टेबलावर वीस बाजूंचे पासे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, चार तिशीतली माणसं ल्युडो खेळत बसली आहेत. तसं समजलात तरी हरकत नाही. माझ्या आईचा अजूनही तोच समज आहे.

पण हे प्रकरण जरा वेगळं. याला टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात. बोर्ड नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. आमच्याकडे तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि ‘मी खिडकीतून उडी मारतो’ असं म्हटलं की ती उडी जमली का फसली हे पासा ठरवतो. बहुतेक लोक यात तलवारी आणि ड्रॅगन खेळतात. आम्ही सुपरहिरो खेळतो. आमच्या ग्रुपमधली बँकवाली ‘विजेरी’ आहे (बोटांतून करंट, स्वभावातून जास्त), आर्किटेक्ट असलेला एक दोस्त भिंतींतून आरपार जातो, आणि टेस्टिंगमधला माझा मित्र आहे कॅप्टन कातळ. अंगाचा जांभा दगड झालेला कोकणी हिरो. हे पात्र आम्ही दोघांनी मिळून एका पावसाळ्यात, माझ्या गावच्या गप्पा मारता मारता तयार केलं होतं. त्याचं गाव साताऱ्याकडे, पण त्याला कातळ फार आवडला.

तर त्या शनिवारी सीन असा होता. ससून डॉकजवळचं एक गोदाम, डॉक्टर धुरळा नावाचा व्हिलन मागच्या दाराने सटकलेला, आणि कॅप्टन कातळ एकटाच आत. समोर बारा गुंड. कॉमिक्समध्ये हे दोन चौकटींत संपतं. धाड, धूड, पुढचं पान. टेबलावर काय होतं ते ऐका. बारा गुंड म्हणजे बारा वेळा पासा. जो लागला त्याच्यासाठी कातळाने सोसलं का नाही हे बघायला पुन्हा पासा. त्याची बेरीज, माझी बेरीज, ‘थांब, प्लस चार का प्लस पाच?’ एका फेरीला सात-आठ मिनिटं. त्यात हिरोची स्वतःची पाळी अर्धा मिनिट. बँकवालीने दुसऱ्या फेरीलाच मोबाइल काढला. आर्किटेक्ट पिझ्झ्याच्या खोक्याचं मॉडेल करायला लागला.

हिशेबाने त्या गुंडांना माझ्या मित्राला लागण्याची शक्यता पंचवीस टक्के होती. बारातले तीन लागायला हवे होते. लागले सात. पासे त्या रात्री पिसाळले होते. आम्ही जो गेम खेळतो, म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स, त्यात हिरोला रक्ताचे पॉइंट नसतात. प्रत्येक वार सोसायचा पासा टाकायचा आणि फसलं की पुढच्या प्रत्येक सोसायच्या पाशाला उणे एक. पुन्हा फसलं, उणे दोन. म्हणजे कुठलाही एक गुंड कातळाला पाडू शकत नाही, पण प्रत्येकजण थोडा थोडा पोखरतो. तिसऱ्या फेरीला कॅप्टन कातळ गोदामाच्या फरशीवर उताणा.

मी म्हटलं, ‘सॉलिड बॅड लक यार.’ त्याने कागद घडी करून ठेवला, ‘चला, उशीर झाला,’ म्हणाला आणि गेला. पिझ्झा तसाच. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात! गेममध्ये हरला म्हणून कोणी मैत्री तोडतं का? मलाही आधी तेच वाटलं. मग बँकवालीने मला एका वाक्यात जागं केलं. ‘अरे, तुमचा तो गुरुवारचा कॉल झाला ना, त्याच्यानंतरचा शनिवार होता तो.’

गुरुवारचा कॉल. तो आणि मी एकाच कंपनीत आहोत, मजले वेगळे. त्या दिवशी एका रिलीजचा पंचनामा होता. कॉलवर नऊ जण. कोणी आरडाओरडा केला नाही, आजकाल कोणी करतही नाही. पहिला म्हणाला, बग उशिरा सापडला. दुसरा म्हणाला, मेल वेळेत आली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्याने एक चार्ट शेअर केला. अशी पाळीपाळीने सगळ्यांनी आपापली भर घातली, सगळं सभ्य, सगळं ‘जस्ट अ‍ॅन ऑब्झर्व्हेशन’. माझी पाळी आली तेव्हा मीही एक वाक्य बोललो. ‘डॉक्युमेंटेशन थोडं मागे राहिलंय.’ खरंच राहिलं होतं. बोलून मी म्यूट झालो आणि दुसऱ्या विंडोमध्ये मेल बघायला लागलो.

आणि दोन दिवसांनी त्याच माणसासमोर मी बारा पासे मोजून ठेवले होते.

आता, मी प्रोग्रॅमर माणूस. माणसाशी बोलायचं असेल तर आधी सिस्टम दुरुस्त करायला घेतो. (हा दोष आहे, माहितीये.) त्याला फोन करायच्या ऐवजी मी रात्री बसून रूलबुकं वाचायला लागलो. एका हिरोवर गर्दी तुटून पडते तेव्हा जगभरचे गेम डिझायनर काय करतात?

बरंच काही करतात. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स हा गेम २००२ साली स्टीव्ह केन्सनने लिहिला, आणि त्यातच गुंडांसाठी ‘मिनियन’ नावाचा खास कायदा आहे. मिनियनने वार सोसायचा पासा हरला की तो सरळ आडवा, मधलं काही नाही. मिनियनला हिरोवर ‘क्रिटिकल’ म्हणजे वर्मी घाव घालता येत नाही. हिरोकडे ‘टेकडाउन’ असेल तर एक पाडला की त्याच दमात दुसऱ्यावर हात टाकता येतो. म्हणजे हिरोने गर्दीला कसं मारायचं याची छान सोय आहे. गर्दीने हिरोला कसं मारायचं, यासाठी ‘टीम अटॅक’ आहे. सगळे थांबून एकाच वेळी हल्ला करतात, त्यातला सगळ्यात जोरदार घाव धरायचा आणि बाकीच्यांच्या मदतीने त्याला प्लस दोन किंवा फार तर प्लस पाच. आमच्या गोदामात हे केलं असतं तर बारा फुटकळ वारांऐवजी एकच मोठा वार झाला असता. कातळाला तो न सोसण्याची शक्यता चाळीस टक्क्यांवरून पासष्टवर गेली असती, पण पासा एकदाच पडला असता. झालं ते झालं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांचा तोडगा आणखी गमतीचा. त्यांच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात गर्दीसाठी एक छोटा तक्ता आहे. पासा टाकूच नका म्हणतात. समोरच्याला लागायला पाशावर किती पडावे लागतात ते बघा. सहा ते बारा लागत असतील तर दर दोघांत एकाचा वार लागला असं धरा. पंधरा-सोळा लागत असतील तर चौघांत एकाचा. वीस लागत असतील तर वीसजणांत एकाचा. आमच्या गुंडांना सोळा लागत होते. म्हणजे बाराजणांत तीन वार, हिशेब चोख, पासा शून्य. त्या रात्री माझ्याकडे हा तक्ता असता तर सातऐवजी तीनच लागले असते, आणि कदाचित मी आज हे लिहीत नसतो.

सॅव्हेज वर्ल्ड्स नावाच्या २००३ च्या गेममध्ये आणखी वेगळं. घेरणाऱ्या प्रत्येक जादा माणसामागे प्लस एक, पण जास्तीत जास्त प्लस चार. का चारच? कारण एका माणसाभोवती उभं राहून राहणार किती? चौकटींच्या नकाशावर आठ, षटकोनांच्या नकाशावर सहा. बाकीचे मागून ‘मार, मार’ ओरडणार. हे मला फार पटलं. आपल्याकडच्या लोकल ट्रेनच्या दारातली मारामारी आठवा. भांडण वीस जणांचं, पण हात पोचतात तिघांचे.

याच नादात मी लँचेस्टरपर्यंत पोचलो. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज मोटार इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१६ च्या पुस्तकात, त्याने गणित मांडलं की हातघाईच्या जुन्या लढाईत जितकी माणसं तितकी ताकद, पण लांबून नेम धरून गोळ्या झाडायच्या असतील तर ताकद माणसांच्या वर्गाने वाढते. तीन बंदूकवाल्यांसमोर बारा बंदूकवाले म्हणजे चौपट नाही, सोळापट. कारण सगळ्यांचा नेम एकावर लागू शकतो. आपल्याला हे १६६० पासून माहीत आहे, फक्त उलट बाजूने. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी जागाच अशी धरली की शत्रू कितीही असला तरी समोर येणार मोजकेच. गर्दीचा वर्ग त्यांनी खिंडीत अडकवून टाकला.

आणि कॉन्फरन्स कॉल? तिथे खिंडच नसते. नऊच्या नऊ जणांचा नेम लागतो.

हे सगळं वाचून झालं तरी माझं समाधान होईना. हे सगळे कायदे वेळ वाचवतात. गेम मास्टरचा वेळ, बाकीच्या खेळाडूंचा कंटाळा. पण जो मध्ये उभा राहून मार खातोय त्याचं काय? तो काय करतोय इतका वेळ? तक्ता वापरला तर तो जलद मार खाईल, इतकंच.

मग जत्रेसाठी गावी गेलो.

आमचं गाव खारेपाटण. मुंबई-गोवा हायवेने राजापूर सोडून खाली आलात की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेशीवरच लागतं. बहुतेकांना ते ‘कणकवली आली का हो?’ विचारायच्या आधीचं गाव म्हणून माहीत. आम्ही पुणेकर मात्र कोल्हापूरवरून गगनबावड्याचा घाट उतरतो आणि तळेऱ्याला हायवेला लागतो. गाव दिसायला साधं, पण जुनं आहे. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट खारेपाटणचा म्हणूनच ओळखला जातो. खाडीवरचं बंदर होतं हे. इथून पाणी खाली वाघोटणला आणि तिथून विजयदुर्गाला जातं. आता गाळ भरलाय, आणि बंदर म्हटलं की हायवेवरून जाणारे हसतात.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पुढेमागे आमच्याकडे जत्रांचा सीझन सुरू होतो आणि जत्रा म्हणजे रात्रभर दशावतार. हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवळासमोर जेमतेम जागा, एक बाकडं हेच सिंहासन, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. सुरुवातीला गणपती, मोरावरची सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर येऊन मालवणीतून लोकांची खेचतो. नंतर मुख्य आख्यान. बायकांची कामं पुरुषच करतात. रंगपटात प्रत्येकजण आपला चेहरा आपणच रंगवतो. आणि सगळ्यात भारी गोष्ट, या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. आज अमुक आख्यान, तू अमुक, तू तमुक, गोष्ट अशी अशी जाते, एवढंच ठरतं. बाकी सगळं उभ्याउभ्या. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, त्याला उत्तर द्यायचं. सकाळ होईपर्यंत.

वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. लहानपणापासून मी हे बघत आलो आणि पुण्यात पाचशे पानांचं इंग्रजी पुस्तक घेऊन तेच शिकत बसलो.

आमचे तात्या, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गेली तीसेक वर्षं हौशी मंडळात काम करतात. दिवसा पतपेढीत, रात्री राजपार्ट. आता गुडघे गेले, म्हणून लढाया कमी आणि ऋषी, गुरू, म्हातारे राजे जास्त. मी पोचलो तेव्हा रंगपटात आरसा पायात धरून दाढी चिकटवत होते.

‘काय रे, इलंस? पुण्यात पासे खेळतस म्हणान सांगत होती तुझी आवस.’

‘तसले पासे नाहीत हो तात्या.’

‘शकुनीपण तसाच म्हणा होतो.’

त्या रात्रीचं आख्यान अभिमन्यूचं होतं. तात्या द्रोणाचार्य. मंडळातला एकजण तापाने आडवा, त्यामुळे चक्रव्यूहातले महारथी कमी पडत होते. सहा महारथींची कामं चौघांत उरकायची होती. मला एकदम माझं गोदाम आठवलं. मी विचारलं, ‘तात्या, एकावर सगळे तुटून पडतात ते तुम्ही दाखवता कसं? जागा तर एवढीशी.’

तात्यांनी गोंद लावलेली दाढी एका हाताने दाबून धरली. ‘सगळे एकदम मारूक लागले तर लोकांका दिसतला काय? नुसतो धुरळो. एकान येवन एकच गोष्ट काढून घेवची. धनुष्य एकान, घोडे दुसऱ्यान. आणि काढून घेतल्यार तेका बोलूक दी. नायतर तो अभिमन्यू कसलो, मार खाणारो खांब झालो.’

एवढं बोलून ते भुवया रंगवायला लागले. मी मात्र तिथेच पेटाऱ्याशेजारी बसून राहिलो.

महाभारतात हे अगदी असंच आहे, नंतर मी पुन्हा वाचून काढलं. युद्धाचा तेरावा दिवस. अर्जुनाला संशप्तकांनी लांब नेलेलं. सोळा वर्षांचा पोरगा व्यूह फोडून आत शिरतो आणि मागून येणाऱ्या भीम वगैरेंना जयद्रथ दारातच अडवतो. (हीसुद्धा खिंडच, पण चुकीच्या बाजूच्या हातात.) आत अभिमन्यू कोणाला ऐकत नाही. तेव्हा कर्ण द्रोणाला विचारतो, याला आवरायचं कसं? आणि द्रोण सांगतो. आधी पोराचं कौतुक करतो आणि मग सांगतो. धनुष्य तोडा, घोडे मारा, रथ काढून घ्या. त्याप्रमाणे कर्ण त्याचं धनुष्य तोडतो, कृतवर्मा घोडे मारतो, कृपाचार्य सारथी मारतो. ढाल-तलवार घेऊन तो उभा राहतो, तर द्रोण तलवार तोडतो आणि कर्ण ढाल. रथाचं चाक उचलतो, तेही तुटतं. शेवटी गदा घेतो. दुःशासनाच्या मुलाशी गदायुद्ध, दोघेही पडतात, आणि जो आधी उठतो तो दुसऱ्याला मारतो. आधी उठला दुःशासनाचा मुलगा.

हे वाचताना माझ्यातल्या गेम मास्टरच्या अंगावर काटा आला. यात बारा वार नाहीतच. प्रत्येक हल्ल्यात एक वस्तू जाते. आणि प्रत्येक वेळी पोरगा उरलेल्यातून नवं काहीतरी उचलतो. घोडे गेले तर तलवार, तलवार गेली तर चाक. म्हणून ती गोष्ट लक्षात राहते. नुसते ‘त्याला सत्तर बाण लागले’ असं असतं तर आपण पान उलटलं असतं.

त्या रात्री प्रयोगात काय झालं ते सांगतो. कर्ण आला, दोघे पखवाजाच्या ठेक्यावर गोल फिरले, तलवारी आपटल्या, धनुष्य बाजूला गेलं. पखवाज थांबला. अभिमन्यूचं काम करणारा पोरगा एरवी रिक्षा चालवतो. तो हातातल्या रिकाम्या मुठीकडे बघून कर्णाशी बोलायला लागला. शिव्या नाहीत, नुसते प्रश्न. ‘अंगराज, पाठीमागून का आलात?’ कर्णाला उत्तर द्यावंच लागलं. लिहिलेलं काहीच नाही ना! त्याने काहीतरी राजाज्ञा वगैरे सांगितलं आणि मान खाली घालून बाकड्यामागे गेला. मग कृतवर्मा. त्यालाही नाव घेऊन प्रश्न. सगळ्यात शेवटी तात्या आले. पोरगा म्हणाला, ‘माझ्या बाबांच्या गुरुदेवा, हा धडा त्यांना शिकवला होतात का?’

तात्या काहीच बोलले नाहीत. तीस वर्षं उभ्याउभ्या उत्तरं देणारा माणूस. पायपेटीवाल्याने दोनदा सूर धरून वाट पाहिली. मग तात्यांनी तलवारीने त्याची तलवार हळूच खाली पाडली, जवळजवळ हात लावून काढून घेतल्यासारखी, आणि निघून गेले. माझ्या शेजारी कांबळं पांघरून बसलेल्या एक आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पहाटेचे चार वाजले होते आणि कोणी झोपलेलं नव्हतं.

सकाळी खाडीकडेच्या टपरीवर चहा पिताना मी तात्यांना विचारलं, ‘विसरलात का?’

‘विसारतलंय कसो? उत्तरच नाय तेका.’

मग विषय बदलायला म्हणून असेल, ते खाडीकडे हात करून आंग्र्यांवर घसरले. इथून खाली विजयदुर्ग, आंग्र्यांचं आरमार तिथे. इंग्रजांची जहाजं अवाढव्य, तोफा दोन्ही बाजूंना. त्यांच्याशी समोरासमोर भिडणं म्हणजे आत्महत्या. मग आंग्र्यांच्या गुराबा जहाजाच्या मागच्या अंगाला लागायच्या, जिथे तोफा कमी. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं त्या गुराबांना ओढून आणायची. आणि तोफा डागायच्या त्या जहाज बुडवायला नाही, तर डोलकाठ्या आणि शिडं तोडायला. जहाज जागेवर पांगळं झालं की गलबतांतली माणसं चहूकडून वर चढायची. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने असंच पकडलं. पुन्हा तेच! आधी एक गोष्ट काढून घ्यायची. (पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे दोघे मिळून विजयदुर्गावर आले आणि हेच आरमार जळून गेलं. गर्दी कोणाची होईल सांगता येत नाही.)

परतीच्या एसटीत मी वहीत आमच्या टेबलासाठी नवा कायदा लिहिला. फार मोठा नाही. गुंडांची टोळी म्हणजे एकच पात्र, बारा पात्रं नाहीत. टोळीला एका फेरीत एकच पासा. किती जण हात पोचवू शकतात त्यावर बोनस, आणि चौघांच्या वर कितीही असले तरी बोनस तेवढाच. टोळीचा वार लागला तर जखम नाही, गेम मास्टरने हिरोकडून एक गोष्ट काढून घ्यायची. उभं राहायची जागा, हातातलं शस्त्र, डोळ्यांसमोरचा उजेड, दाराकडची वाट. जखम द्यायची ती काढून घ्यायला काही उरलं नाही तरच. आणि प्रत्येक वारानंतर, पुढच्या कोणाचीही पाळी यायच्या आधी, हिरोला एक हालचाल आणि एक वाक्य. तो टोळीतल्या कोणाही एकाशी बोलू शकतो. ज्याच्याशी बोलला तो त्या फेरीत गर्दीत मोजायचा नाही. कारण ज्याला उत्तर द्यावं लागतं, त्याला वार करता येत नाही. हे शेवटचं मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. यात हिरोला जरा जास्तच फायदा होतो, हे खरं. बँकवाली म्हणेल बॅलन्स बिघडला. बिघडू दे.

कायदा तयार झाला तेव्हा एसटी घाट चढत होती आणि रेंज नव्हती. ते बरंच झालं. कारण आता फोन करण्याशिवाय काही काम उरलं नव्हतं.

कोल्हापूरच्या स्टँडवरून केला. त्याने उचलला. मी आधी दशावताराबद्दल बोललो, मग गेमबद्दल, मग नव्या कायद्याबद्दल. तो ‘हं, हं’ करत होता. शेवटी म्हटलं, ‘त्या गुरुवारच्या कॉलवर मी पण होतो रे.’

‘माहितीये. सातवा होतास.’

‘डॉक्युमेंटेशनचं बोललो मी.’

‘ते खरंच मागे होतं,’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘एकेकाचं काहीच वाईट नव्हतं. तेच तर आहे ना. कोणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. शनिवारी पण तेच. बारातल्या कुठल्या गुंडाने पाडलं, सांग बरं?’

मला सांगता आलं नाही. मी सॉरी म्हटलं. ते स्टँडवरच्या कोल्हापूर-सांगलीच्या पुकाऱ्यात त्याला ऐकू गेलं का नाही माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही, पण सोमवारी कँटीनमध्ये म्हटलं. त्या कॉलचं पुढे ऑफिसात जे व्हायचं ते झालं. त्याचं रेटिंग घसरलं आणि माझ्या एका सॉरीने ते वर येणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो आला. उशिरा, पण आला. घडी घातलेला कागद खिशातून काढून टेबलावर सरळ केला. पुन्हा तेच गोदाम लावलं मी, त्यानेच सांगितलं म्हणून. तेच बारा गुंड, पण या वेळी एकच पासा. पहिल्याच फेरीला टोळीचा वार लागला. मी म्हटलं, ‘गोदामातले दिवे गेले. फक्त दाराच्या फटीतून उजेड येतोय.’ बँकवालीने मोबाइल उलटा ठेवला. दुसऱ्या फेरीला पायाखालची फळी गेली, कातळ कमरेपर्यंत जमिनीत अडकला. आर्किटेक्ट म्हणाला, ‘ती फळी मी असतो तर आधीच तपासली असती.’

आता कातळाची हालचाल. तो हलू शकत नव्हता. मित्राने पासा हातात खुळखुळवला आणि मग खाली ठेवला.

‘पुढचा जो आहे ना, टोपीवाला,’ तो म्हणाला, ‘त्याला विचारतो. तुझं नाव काय?’

मी माझ्या कागदावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं, गुंड, बारा नग. बाकी काही नाही.

‘थांब,’ मी म्हटलं. ‘ठरवतो.’

‘ठरव,’ तो म्हणाला, आणि पिझ्झ्याचा शेवटचा तुकडा उचलला. ‘मी आहे.’